दुसरं कुत्रं कुणासाठी?

(वाचकांचे प्रश्न, पशुवैद्याची उत्तरं)

दिवाळी झाली की माझ्या मिरजेच्या दवाखान्यात दोन प्रकारची माणसं वाढतात. फटाक्यांना घाबरून पळालेलं कुत्रं सापडलेली, आणि घरी आणखी एक पिल्लू आणायचं मनात घेतलेली. या वेळी टपालातही दुसऱ्या प्रकारचीच पत्रं जास्त आली. त्यातलं एक सविस्तर घेते. बाकीच्यांना त्यातच बरंचसं उत्तर मिळेल.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही डोंबिवलीला फ्लॅटमध्ये राहतो. घरी मी, हे, 10 वर्षांचा मुलगा आणि 14 महिन्यांचा लॅब्राडॉर, ब्रुनो. आम्ही दोघंही नोकरीला. सकाळी साडेआठला कुलूप लागतं ते मुलगा अडीचला शाळेतून येईपर्यंत. ब्रुनोने सोफ्याचा कोपरा, माझ्या चपलांचे दोन जोड आणि पुढच्या दाराची चौकट खाल्ली आहे. समोरच्या काकू सांगतात, तुम्ही गेलात की तो रडतो. ह्यांच्या ऑफिसातल्या एकांकडे पिल्लं झालीत, त्यातलं एक ते आम्हाला फुकट देतायत. 45 दिवसांचं आहे. जोडी झाली की ब्रुनो शांत होईल असं सगळेच म्हणतात. गुरुवारपर्यंत कळवायचं आहे. आणू का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, तो गुरुवार केव्हाच उलटला असणार. मासिकाला पत्र पाठवण्यात हा धोका असतोच. पिल्लू आणलं नसेल तर इतक्यात आणू नका. आणलं असेल तर या उत्तराचा शेवट आधी वाचा, मग बाकीचं.

45 दिवसांचं पिल्लू आईपासून तोडत नाहीत. किमान 8 आठवडे ते आई-भावंडांत राहायला हवं. केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांप्रमाणे 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि फुकट दिल्याने त्याचं वय वाढत नाही. शेवटच्या त्या दिवसांत पिल्लं एकमेकांना चावतात, जोरात चावलं की समोरचं किंचाळतं आणि खेळ मोडतो. दात किती रोवायचे हे ती तिथे शिकतात. ही शाळा बुडालेलं पिल्लू तुमच्या मुलाच्या पोटऱ्यांवर ती पुरी करतं.

आता 'जोडी'. हा शब्द आपल्याकडे फार घात करतो. बैलांची जोडी असते, चपलांची असते, म्हणून कुत्र्यांचीही असावी असं वाटतं. ब्रुनो नेमका कशासाठी रडतो हे तुम्ही पाहिलंय का? काकूंनी ऐकलंय, पाहिलं कुणीच नाही. घरातला जुना मोबाइल टीव्हीशेजारी उभा करा, रेकॉर्डिंग लावा आणि नेहमीसारखं कुलूप लावून निघा. संध्याकाळी पहिला अर्धा तास नीट बघा. तुम्ही गेल्या गेल्या तो दारापाशी येरझाऱ्या घालत असेल, लाळ गाळत असेल, चौकट ओरबाडत असेल, तर त्याला तुमच्या जाण्याचीच भीती बसली आहे. आधी तासभर झोपला आणि अकराच्या सुमाराला उठून सोफ्याकडे वळला, तर तो नुसता कंटाळलाय. चपला आणि सोफा कंटाळ्यात जातात, पण दाराची चौकट वाचून मला भीतीचाच संशय येतो. तसं असेल तर ब्रुनोला दुसरं कुत्रं नकोय, त्याला तुम्ही हवे आहात. पिल्लू तुमची जागा घेऊ शकत नाही.

विश्रामबागेतल्या एका घरी एक बीगल असाच रडायचा. मी नको म्हणत असताना त्यांनी त्याला सोबत म्हणून दुसरा बीगल आणला. महिन्याभराने त्या घरच्या वहिनी मोबाइल घेऊन आल्या आणि काही न बोलता त्यांनी मला व्हिडिओ दाखवला. मोठा दारापाशी मान वर करून हेल काढत होता आणि धाकटा त्याच्या शेजारी बसून, त्याच्याकडे बघत बघत, सूर लावत होता. आधी एकल गायन होतं, आता जुगलबंदी झाली. धाकट्याची समजूत अशी की कुलूप लागलं की असंच करायचं असतं.

पिल्लू मोठ्याकडून शिकतं हे अगदी खरं आहे, फक्त काय शिकायचं ते तुमच्या हातात नसतं. म्हणून 'दुसरं कधी?' या प्रश्नाचं माझं उत्तर नेहमी पहिल्याकडे बघून असतं. त्याचे जे गुण आज आहेत ते तुम्हाला दुप्पट चालणार असतील तेव्हा. 14 महिन्यांचा लॅब्राडॉर दिसतो पूर्ण वाढलेला, 30 किलोचा असतो, पण डोकं अजून दहावीतल्या पोराचं. ते ताळ्यावर यायला दोन-अडीच वर्षं जातात.

माझी एक घरगुती परीक्षा आहे. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात चहाचा भरलेला कप घ्या आणि सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन या. वाटेत मांजर भेटलं तर उत्तमच. परत आल्यावर कपात पिण्याजोगा चहा उरला असेल तर पुढचं बोलू. हसू नका, या परीक्षेत भरपूर लोक नापास झालेत, आणि एकांची पँट भाजली म्हणून त्यानंतर मी चहा कोमट घ्यायला सांगते. दोन पट्टे धरायचे म्हणजे प्रत्येक कुत्र्याला एकच हात मिळतो, एवढंच त्यातून बघायचं असतं. याशिवाय ब्रुनो तुमच्या माघारी तीन-चार तास निवांत राहायला लागला पाहिजे आणि त्याच्या ताटलीजवळून कुणी गेलं तरी त्याने मान वर करता कामा नये.

हे साधायला काय करायचं? सकाळचं फिरणं 15 मिनिटांवरून 40 मिनिटांवर न्या, आणि त्यातला निम्मा वेळ त्याला हुंगू द्या. ओढत नेऊ नका, हुंगण्याने कुत्रं दमतं. सकाळचं निम्मं खाणं ताटलीत न देता जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत दडवून निघताना द्या. सुट्टीच्या दिवशी दोन मिनिटं बाहेर जाऊन परत यायचं, मग पाच, मग दहा. तो रडायला लागायच्या आत परत यायचं, ही यातली खरी मेख. दुपारी बाराला पाऊण तास कुणी येऊन फिरवून नेणारं मिळालं तर त्याचा पगार दुसऱ्या कुत्र्यापेक्षा नक्की स्वस्त पडेल.

खर्चाचं मी फार बोलत नाही, तो हिशेब प्रत्येकाला येतो. एक मात्र लोक विसरतात. एक कुत्रं चार दिवस शेजारी किंवा बहीण ठेवून घेते. दोन कुणीच ठेवत नाही. गणपतीला कोकणात जायचं तर रेल्वेत कुत्र्याला एक तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे लागतो नाही तर ब्रेकव्हॅनमधला पिंजरा. आणि पिल्लाला दर दोन तासांनी शू करवून आणावी लागते. साडेआठ ते अडीच हे कोण करणार, ते तुमच्या पत्रात नाही.

मी स्वतः काय केलं तेही सांगते, म्हणजे मला हा उपदेश करायचा अधिकार किती ते कळेल. 2008 मध्ये आमच्याकडे चिंगी होती. गावठी, 4 वर्षांची, दवाखान्याच्या पायरीवर वाढलेली. जतकडे एका वस्तीवर अडलेली म्हैस सोडवायला गेले आणि येताना कारवानीचं 3 महिन्यांचं पिल्लू मांडीवर घेऊन आले. कारवानी म्हणजे मुधोळ हाउंड, 2005 साली पोस्टाने जिच्यावर तिकीट काढलं ती जात. लांबलचक पाय, अरुंद तोंड, पळायला लागली की बघत राहावं. मला ती हवी होती, एवढंच खरं. घरी मात्र सांगितलं, "चिंगीला सोबत आणलीय." नाव ठेवलं राणी.

सव्वा वर्ष दृष्ट लागण्यासारखं गेलं. लोक फोटो काढायचे. ही गोष्ट नीट ध्यानात घ्या, कारण पिल्लू आणून दोन महिने झाले की लोक मला सांगतात, "मॅडम, काही त्रास नाही हो." पिल्लू हे पिल्लू असेपर्यंत मोठं सोसतं. खरा निकाल धाकटं दीड-दोन वर्षांचं होतं तेव्हा लागतो. तोवर ते मोठ्याचं ऐकतं, आणि मग एक दिवस ऐकत नाही.

आमचा तो दिवस 2009 च्या नोव्हेंबरातला. सासूबाई भाकऱ्या थापत होत्या. परातीतून काढताना एक चतकोर खाली पडला. दोघी थांबल्या. धावल्या नाहीत, गुरगुरल्या नाहीत, नुसत्या थांबल्या. चिंगीची शेपटी काठीसारखी ताठ झाली. राणीचं उघडं तोंड मिटलं, मान हलली नाही पण डोळे वळले आणि कडेला पांढरं दिसायला लागलं. त्या दोन सेकंदांत मी लांबूनच "चिंगी, चल बाहेर" म्हणायला हवं होतं. मी काय केलं, तर भाकरी उचलायला वाकले.

डाव्या अंगठ्याला सात टाके पडले. 11 वर्षं लोकांना सांगत होते, कुत्र्यांच्या भांडणात हात घालू नका, पाणी ओता, मध्ये खुर्ची सरकवा, अंगावर गोधडी टाका. गोधडी माझ्या पाठीमागच्या खुंटीवरच होती.

त्यानंतर दोघींचं कधी जमलं नाही. राणीचं नसबंदीचं ऑपरेशन केलं, फरक पडला नाही. 2016 मध्ये चिंगी जाईपर्यंत आमच्या घरात सात वर्षं दारं राखली गेली. एक पुढच्या खोलीत तर दुसरी परसात, मग अदलाबदल. पाहुणा आला की आधी ओरडायचं, "दार लावा!" सासूबाई म्हणायच्या, "दोन सवती सांभाळणं सोपं असेल." दोन माद्यांचं एकदा बिनसलं की मिटवणं अवघड जातं, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. दोन नर भांडतात, आवाजही पुष्कळ करतात, पण बहुतेकदा त्यांचं पुन्हा जुळतं. नर-मादी सगळ्यांत सोयीचं. ठाऊक असूनही मी मादीच आणली, कारण त्या वस्तीवर तीच सगळ्यांत देखणी होती.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं, तेव्हा होड्यांतून माणसांबरोबर कुत्रीही आली. त्यातला एक तांबडा गावठी, पाच-सहा वर्षांचा, छातीपर्यंत गाळाने माखलेला. मालक सापडेपर्यंत पंधरा दिवस म्हणून घरी ठेवून घेतला. राणी तेव्हा 11 वर्षांची. या वेळी मला कसलीच हौस नव्हती, त्यामुळे सगळं शहाण्यासारखं केलं. पहिला आठवडा तो परसात, ती घरात, मध्ये जाळीचं दार. त्याचं गोणपाट तिच्या जागेवर, तिची चादर त्याच्या जागेवर, म्हणजे वास ओळखीचा व्हावा. दुसऱ्या आठवड्यात रोज पहाटे रस्त्याने एकाच दिशेला चालायचं. हे पुढे राणीला घेऊन, मी 10 फूट मागे त्याला घेऊन, पट्टे ढिले. समोरासमोर आणायचंच नाही. तेराव्या दिवशी दुपारी राणी त्याच्याकडे पाठ करून झोपली. कुत्र्याने दुसऱ्याकडे पाठ करून झोप काढणं ही छोटी गोष्ट नाही. मालक सापडला नाही. गाळू नाव पडलं आणि तो राहिला.

म्हणून ताई, सांगण्याजोगं एवढंच. दुसरं कुत्रं पहिल्यासाठी आणतात असं म्हणायची पद्धत आहे, आणतो आपण आपल्यासाठी, आणि त्यात वाईट काही नाही. ह्यांना बसवून एकच विचारा, ही दोघं कधीच मैत्र झाली नाहीत, आयुष्यभर एकमेकांना नुसती सोसत राहिली, तरी आपल्याला दुसरं हवंय का? उत्तर हो असेल तर ब्रुनो अडीच-तीन वर्षांचा झाल्यावर बघा. पिल्लूच हवं असा हट्टही नको. मोठं, स्वभाव कळलेलं कुत्रं एखाद्या संस्थेकडून पंधरा दिवस पाहुणं म्हणून आणता येतं, आणि पाहुण्याला परत पाठवता येतं. मधल्या दोन-तीन वर्षांच्या अंतराने दोघं एकाच वेळी म्हातारीही होत नाहीत. दोन आजारी कुत्री जिना उतरवून नेणारी माणसं मी रोज बघते.

पिल्लू आलंच असेल तर : पहिले दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळा पोछा. पार्वो, म्हणजे पिल्लांना उलट्या आणि रक्ती हगवण लावणारा विषाणूचा आजार, अंगात असून दिसायला काही दिवस जातात आणि तो विषाणू फरशीवर महिनोन् महिने टिकतो, ब्लीच घातल्याशिवाय जात नाही. जंताचं औषध द्या आणि कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा. लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून, पुढे दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू 16 आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची 3 महिन्यांनंतर. लसी पुऱ्या होईपर्यंत त्याला रस्त्यावर खाली सोडू नका. त्यामुळे मोठ्याशी पहिली भेट गच्चीवर घडवा, जिथे ब्रुनोची वस्तू एकही नाही. खेळणी, हाडं उचलून ठेवा. पिल्लू अंगचटीला आल्यावर ब्रुनो गुरगुरला तर त्याला रागावू नका. तो "पुरे" म्हणतोय. हे बोलणं दाबलंत तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. खाणं दोन खोल्यांत, दार लावून. नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले ते एकाच कुत्र्यामागे. दोन असती तर त्यांनाही दोन वाट्या आणि दोन अंगणं लागली असती.

आणि पिल्लू मादी असेल तर ती सहाव्या महिन्यानंतर कधीही माजावर येईल. ब्रुनोचं ऑपरेशन झालंय की नाही ते तुम्ही लिहिलेलं नाही. भाऊ-बहिणीसारखे वाढलेत, ते काही करणार नाहीत, असं मला दर वर्षी दोन-तीन घरं सांगतात आणि 63 दिवसांनी फोन करतात.

प्रश्न : आमचा पॉमेरेनियन 13 वर्षांचा आहे. एका डोळ्याने दिसत नाही, मागचे पाय दुखतात. तो गेल्यावर घर खायला उठेल या विचाराने सौ. म्हणते, तो असतानाच एक पिल्लू आणू, त्यालाही उभारी येईल.
— एक वाचक, बडोदे

उत्तर : काका, पिल्लाने म्हाताऱ्याला उभारी येते तशी दमछाकही होते. पाय दुखणाऱ्या आणि एका बाजूने न दिसणाऱ्या कुत्र्यावर पिल्लू नेमकं त्या न दिसणाऱ्या बाजूने उडी मारतं. आधी त्याच्या सांध्यांच्या दुखण्यावर डॉक्टरांकडून औषध चालू करा आणि महिनाभर त्याच्यात काय फरक पडतो बघा. तरी आणायचंच ठरलं तर त्याला एक अशी जागा ठेवा जिथे पिल्लाला मज्जाव, आणि दोघांची गाठ दिवसातून दोनदा, पाच-सात मिनिटं, तुमच्या डोळ्यांसमोर.

माझं मन विचाराल तर थांबा. काकूंना म्हणावं, घर खायला उठेल हे खरं आहे, पिल्लू असलं तरी उठेल. त्याचे हे शेवटचे दिवस कुणाच्या शी-शूमागे धावण्यात जाऊ देऊ नका.

प्रश्न : एकाच वेताची दोन पिल्लं एकत्र आणली तर एकमेकांना सांभाळतील ना? शिवाय सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, एका फ्लॅटला एकच कुत्रं.
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोन पिल्लं एकत्र आणू नका. ती एकमेकांना इतकी सांभाळतात की तुमची त्यांना गरजच उरत नाही. हाक मारली तर वळून भावाकडे बघतात. वेगळी फिरवायची, वेगळी शिकवायची, वेगळी झोपवायची एवढा वेळ असेल तरच, आणि तेवढा वेळ असलेलं घर मला अजून भेटायचंय. दोन्ही आवडली असतील तर एक तुमच्याकडे, एक तुमच्या बहिणीकडे.

सेक्रेटरींना नम्रपणे सांगा की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रं पाळण्यावर बंदी घालता येत नाही, ठरावाने बहुमत असलं तरी. त्याच बरोबर जिन्यातली घाण उचलायची जबाबदारी तुमची, हे त्यांनी सांगायच्या आधी तुम्हीच सांगा. महापालिकेचा परवाना प्रत्येक कुत्र्याचा वेगळा काढावा लागतो आणि त्याला रेबीजच्या लशीचा दाखला जोडावा लागतो. हे वाचून झालं की घरात आधीचं जे कुत्रं असेल त्याचं लसीकरणाचं कार्ड ड्रॉवरमधून काढा आणि शेवटची तारीख बघा.